चटईवरची शिल्लक

आमच्या गावात एक मंडळ आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नावात ‘बंधू’ आहे एवढं सांगितलं तरी पुरे. खालापूर तालुक्यात अशी मंडळं पैशाला पासरी मिळतील, पण आमच्या मंडळाइतकं श्रीमंत मंडळ मी तरी पाहिलेलं नाही. वर्षातून एका रविवारी, सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत, ते फारच श्रीमंत असायचं. बाकीच्या दिवसांत त्याची काय परिस्थिती असते, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

लग्न होऊन मी दहिवलीहून इथे आले तेव्हा मंडळ नुकतंच निघालं होतं. गावातले पुरुष मोहोपाड्याला कारखान्यात जायचे, सुट्टीच्या दिवशी भातशेती बघायचे आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून जगाची काळजी करायचे. त्या काळजीतूनच हे मंडळ जन्माला आलं. उद्देश चांगला होता, नाही म्हणत नाही. दर महिन्याला प्रत्येकाने वर्गणी द्यायची, साठलेल्या पैशातून अडलेल्या सभासदाला कमी व्याजाने कर्ज द्यायचं, आणि एखादा सभासद वारला तर त्याच्या बायकामुलांना मंडळाने मदत करायची. ही मदत सुरुवातीला दोन हजार होती. पुढे सभेत हात वर करून करून ती वीस हजारांवर नेली. हात वर करायला खर्च येत नाही. सभासद अर्थातच फक्त पुरुष, कारण बंधू म्हटलं की बंधूच. बायकांकडे चहाचं खातं होतं, ते आम्ही इमानेइतबारे सांभाळलं.

आमचे हे पहिल्यापासून खजिनदार. त्यांना हिशेब चांगला येतो म्हणून नव्हे. आमची पडवी मोठी आणि घरात कुलपाचं लोखंडी कपाट, म्हणून. त्या कपाटात मंडळाची पावतीपुस्तकं, एक घंटा आणि गुंडाळलेली एक चटई असायची. चोर आला असता तर बिचाऱ्याला घंटा वाजवून परत जावं लागलं असतं.

तर तो रविवार. तुळशीचं लग्न उरकलं की त्यानंतरच्या रविवारी आमच्या पडवीत वार्षिक सभा भरते. मंडळाचा पैसा बँकेत ठेवायचा नाही, असं जुन्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. बँकेत टाकला की पैसा दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्यांचा मुद्दा. मग देवावर कसा ठेवता, असं मी एकदा ह्यांना विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून पद्धत अशी पडली, की वर्षभर पैसा कर्जाने वाटलेला असायचा आणि सभेच्या दिवशी ज्याने ज्याने कर्ज घेतलंय त्याने मुद्दल आणून चटईवर ठेवायचं. ते सगळ्यांसमोर मोजायचं, ढिगाला हळदकुंकू वाहायचं. मग अध्यक्ष विचारायचे, “दिसलं का?” सगळे एका आवाजात म्हणायचे, “दिसलं!” मग अध्यक्ष विचारायचे, “कुनाचं काय मागनं हाय का?” यावर कुणी काही बोलायचं नसतं. इतक्या वर्षांत एकाच सभासदाने एकदा तोंड उघडलं होतं, आणि तेही चहात साखर कमी आहे म्हणून. मग नारळ फुटायचा आणि तोच पैसा नव्या वर्षासाठी पुन्हा कर्जाने वाटला जायचा, बहुतेक ज्याचा त्यालाच. वयाने मोठा त्याला आधी, आणि खजिनदाराला सगळ्यांत शेवटी. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, तसं. त्या शेवटच्या नंबराचा ह्यांना भारी अभिमान होता.

आमचंही कर्ज होतं. एका वादळात घरावरचे पत्रे उडाले तेव्हा ह्यांनी मंडळाकडून वीस हजार घेतले होते. पत्रे आले, बसले, गंजायलाही लागले. वीस हजार काही परत जमले नाहीत. तरी सभेच्या दिवशी आमचं पुडकं चटईवर वेळेवर हजर असायचं. त्याचं कारण होतं शेजारच्या गावचा एक शेठ. मुंबईच्या लोकांना फार्महाउससाठी प्लॉट दाखवता दाखवता हा माणूस स्वतः शेठ झाला होता. शनिवारी संध्याकाळी तो ह्यांना वीस हजार द्यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत घेऊन जायचा. वर दोनशे रुपये. एका दिवसाच्या पाहुण्या पैशाचं ते भाडं.

“कुनाला बोलू नको गं,” हे मला दर वर्षी बजावायचे. “बाकीचे समदे इमानदारीनं भरतात. मंडळात माजी लाज जाईल.”

मी कुणाला बोलले नाही. मला वाटायचं, खरंच, बाकीची घरं किती सरळ, आणि आपल्याच घरात ही लबाडी. सभेच्या दिवशी चहा गाळताना मान वर करायची मला लाज वाटायची. शेठ मात्र पुढच्या खुर्चीत ताठ बसलेला असायचा, कारण तोच दर वर्षीचा प्रमुख पाहुणा होता. ना सभासद, ना गावचा. तरी त्याला शाल, श्रीफळ आणि हार, सगळं वर्गणीतून. सभाभर त्याची नजर चटईवरून हलायची नाही. “शेठचं मंडळावर किती प्रेम हाय ते बगा,” अध्यक्ष भाषणात म्हणायचे, आणि टाळ्या पडायच्या.

पाचशे-हजाराच्या नोटा एकाएकी बंद झाल्या त्या वर्षी सभा नेमकी तोंडावर होती. सगळा गाव बँकेच्या दारात रांगेत उभा. कुणाचे भाताचे पैसे, कुणाचे लग्नासाठी ठेवलेले. सभा पुढे ढकलली गेली. मग नव्या नोटा आल्यावर सभा भरली तेव्हा अध्यक्षांनी छाती फुगवून सांगितलं, “समद्या देशाचे पैसे अडकले, पन आपल्या मंडळाची एक नोट बुडाली नाय!” मोठ्या टाळ्या झाल्या. मीही आतून टाळ्या वाजवल्या. मग भांडी घासताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आमचे वीस हजार मुळात नव्हतेच, म्हणून ते बुडाले नाहीत, हे मला कळत होतं. पण बाकीच्यांचं काय? एवढ्या घरांपैकी एकालाही मंडळाची म्हणून नोट बदलायला रांगेत उभं राहावं लागू नये?

उत्तर मिळालं ते भाताच्या गिरणीवर. आम्ही आठ-दहा जणी नंबर लावून बसलो होतो. बोलता बोलता एकजण म्हणाली, “सभा आली की आमच्याकडं शेठची गाडी येती बाई, मग यांना झोप लागत नाय.” दुसरी दचकली. “तुमच्याकडं? अगं, आमच्याकडं येती.” तिसरी आधी हसायला लागली आणि मग पदर तोंडाला लावून बसली. अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला. कर्जदार नऊ, आणि नऊच्या नऊ घरांत शनिवारी संध्याकाळी तोच शेठ. प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपण एकटेच, बाकीचे साव. जे बायकांना एका दळणात कळलं, ते पुरुषांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्यांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. पुढच्या सभेला मी मुद्दाम चटईकडे नीट बघितलं. वीस-वीस हजारांची नऊ पुडकी, आणि नऊंनाही पिवळीधमक रबरं. अध्यक्षांनी त्याबद्दल सभासदांच्या शिस्तीचं कौतुक केलं.

म्हणजे एक लाख ऐंशी हजारांची ती शिल्लक सबंध शेठची होती, आणि आमचे बंधू वर्षातून एकदा भाडं भरून ती बघत होते. मला हसू आलं, आणि मी ते हसू पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरलं. मग शेजारणीचा नवरा वारला आणि माझं हसू आटलं.

तो कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. मंडळाची वर्गणी त्याने कधी चुकवली नाही आणि कर्ज कधी घेतलं नाही. असे सभासद आमच्याकडे दोघे-तिघेच, आणि बाकीचे त्यांना भोळे समजायचे. कावीळ झाली, अंगावर काढली, गेला. दहाव्याला सगळे बंधू आले. अध्यक्ष म्हणाले, “वैनी, काळजी करू नका. मंडळ तुमच्या पाटीशी हाय.” पाठीशी म्हणजे नेमकं किती मागे, हे कळायला तिला वर्ष लागलं. ती वीस हजारांचं विचारायला गेली की अध्यक्ष म्हणायचे, “पैसा वाटपात हाय वैनी, सभा होऊ द्या.” सभा झाल्यावर गेली तर म्हणाले, “आत्ताच वाटला वैनी, थोडं आधी यायचं.” मंडळाचा पैसा म्हणजे असा की तो कायम एकतर गेलेला असायचा, नाहीतर नुकताच जात असायचा.

पुढच्या वर्षी तिची मुलगी बारावी झाली आणि तिला नर्सिंगला जागा मिळाली. शेजारणीने कानातलं मोडून, भाऊ-बहिणींकडून मागून पहिल्या हप्त्याचे पैसे जमवत आणले, पण वीस हजार कमी पडले. हप्ता भरायची मुदत नेमकी सभेनंतरच्या आठवड्यात होती. नाही भरला तर जागा दुसरीला, आणि ही पोर ठेकेदाराकडे डबे भरायच्या कामाला. ठेकेदार घरी येऊन विचारूनही गेला होता. शेजारीण माझ्या मागच्या दारात बसून हे सांगत होती आणि मला असा संताप आला की विचारू नका. त्या माणसाने घाम गाळून वर्गणी भरली आणि त्या वर्गणीतून शेठला शाली घातल्या गेल्या.

मी तिला म्हटलं, “रव्वारी सभेला ये.”

“बायकांनी सभेत कसं यायचं?”

“चहा घेऊन ये. चहा द्यायला बंदी नाय. अध्यक्ष मागनं इचारतील तवा तोंड उघड.”

“आनि पैसं नाय म्हनाले तर?”

“त्या दिवशी कसं म्हनतील? समोर पडल्याले असतात गं.”

रविवारी पडवी भरली. पुडकी चटईवर आली, मोजून झाली, हळदकुंकू वाहून झालं. शेठ शाल पांघरून खुर्चीत बसला होता. शेजारीण ट्रे घेऊन रांगेतून चहा देत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात गाळणी घेऊन उभी. अध्यक्षांनी विचारलं, “दिसलं का?” “दिसलं!” “कुनाचं काय मागनं हाय का?” असं म्हणत त्यांनी सवयीने नारळ उचललासुद्धा.

“हाय,” शेजारीण म्हणाली.

अध्यक्षांचा हात नारळासकट वरच राहिला.

“माज्या घरचं हाय. मालक वारले त्याचं वीस हजार. पोरीचा हप्ता भरायचाय.”

“वैनी, पैसा वाटपात…” अध्यक्षांनी सुरुवात केली, आणि त्यांची नजर चटईवर गेली. पैसा वाटपात नव्हता. पैसा त्यांच्या पायाशी हळदकुंकू लावून बसला होता. त्यांनी कर्जदारांकडे बघितलं, तर एकजण छताकडे बघत होता आणि एकजण आपल्या चपला सापडतात का ते. हे पैसे आपले नाहीत, असं म्हणायला नऊ तोंडं होती, पण म्हणणार कोण? जो म्हणेल तो एकटा चोर ठरणार होता.

शेवटी कोपऱ्यातले सगळ्यांत वयस्कर आजोबा बोलले. त्यांना ऐकू कमी येतं, आणि त्यांनी कधी कर्ज घेतलेलं नाही. “अरं द्या की रं तिला! हितं तर ढीग पडलाय. आनि पावन्यांच्या हातनं द्या, चांगलं दिसंल.”

प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते, या शब्दांना आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. शेठ उठला. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन करायला मला आजही शब्द सापडत नाहीत, आणि नाही सापडले तरी चालेल, तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याने वाकून स्वतःचं पिवळ्या रबराचं एक पुडकं उचललं आणि तिच्या हातात दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारणीने पैसे पदरात बांधले, राहिलेल्या दोघांना चहा दिला आणि मगच ती घरी गेली.

मला आनंदाने गुदमरायला झालं होतं. नारळ फुटला आणि वाटप सुरू झालं. वयाने मोठे अध्यक्ष, त्यांनी एक पुडकं उचललं. मग दुसरे, मग तिसरे. कुणी इकडेतिकडे बघत नव्हतं, सगळे जरा घाईतच होते. चटई रिकामी होत गेली, आणि आठवं पुडकं उचललं गेलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुडकी नऊ होती, एक गेलं, आठ राहिली, आणि खजिनदार सगळ्यांत शेवटी. आमचे हे मोकळ्या चटईसमोर हात जोडून बसले होते. एवढी अक्कल पाजळताना ही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

संध्याकाळी शेठची गाडी गावाच्या वळणावर उभी होती. एकेक बंधू शेताकडे जाऊन येतो म्हणून निघत होता आणि हलका होऊन परतत होता. मग गाडी आमच्या दारात आली. “खजिनदार, माजं वीस,” शेठ म्हणाला. त्याला आठ दिवसांची मुदत मागून घेतली. तो गेल्यावर हे माझ्याकडे वळले.

“तिला तूच बोलावलंस ना गं?”

“व्हय,” मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं. गिरणी, नऊ घरं, पिवळी रबरं. ह्यांनी डोळे विस्फारून ऐकलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की मी बघतच राहिले.

“म्हंजे मी एकटा नव्हतो?” ते म्हणाले. वीस हजार गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. रात्रीचं जेवण त्यांनी व्यवस्थित केलं. मग हात धुता धुता म्हणाले, “पैशाचं काय करायचं गं? मंडळाकडनं कर्ज घेऊ का?”

माझ्या हातात आईने दिलेल्या सोन्याच्या दोन बारीक बांगड्या होत्या. पाटल्या म्हणाव्यात इतक्या काही त्या जाड नव्हत्या, पण दहिवलीहून निघताना आईने स्वतःच्या हातातल्या काढून माझ्या हातात चढवल्या होत्या. त्या रात्री साबण लावला तरी निघेनात. मी रडले, खोटं कशाला सांगू. शेजारणीचा राग आला, ह्यांचा आला, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला. दुसऱ्या दिवशी मोहोपाड्याच्या सोनाराकडे जाऊन बांगड्या मोडल्या आणि शेठचे पैसे टाकले. मंडळाच्या सगळ्या इतिहासात कर्ज फेडणारं घर एकच, आमचं. तेही फेडायचं नव्हतं म्हणा, फिटलं.

आठ बंधूंपैकी कुणी विचारलं नाही की खजिनदाराचं पुडकं गेलं कुठे. एक मात्र झालं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी ह्यांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले.

शेठ त्यानंतर प्रमुख पाहुणा म्हणून यायला तयार होईना. शनिवारी त्याची गाडी येईनाशी झाली. मंडळ आता बुडणार असं मला वाटलं होतं, पण मी बंधूंना ओळखलं नव्हतं. त्या सभेत कुणीतरी मोबाइलवर चटईचा फोटो काढून ठेवला होता, पैसे उचलले जाण्याआधीचा. आता मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सभेच्या रविवारी अध्यक्ष तो फोटो ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, “दिसलं का?” लगेच अंगठ्यांची रांग लागते. पुढचं, मागणं आहे का, ते लिहायचं मात्र त्यांच्याकडून दर वर्षी राहून जातं.

परवा मला चक्कर येत होती म्हणून हे मला कर्जतला दवाखान्यात घेऊन गेले. आत बोलावलं तर समोर शेजारणीची मुलगी, पांढऱ्या कपड्यांत, खिशाला घड्याळ अडकवलेलं. ती तिथे लागली आहे हे मला माहीत होतं, पण कामावर असताना बघितली नव्हती. तिने मला खुर्चीत बसवलं, बाही वर केली आणि दंडाला पट्टा गुंडाळला. मग माझं मनगट हातात धरून थांबली.

“काकी, तुमच्या बांगड्या कुठं गेल्या? लहानपनी मी वाजवायची त्या.”

तिच्या आईला माहीत नाही, तिला कुठून असणार? मी म्हटलं, “मंडळाकडं ठेवल्यात गं.”

“मंडळाकडं?” ती मोठ्याने हसली. “मग गेल्याच म्हना की.”

“नाय गं,” मी म्हटलं, “दिसतात मला.”

“काकी, बोलू नका आता, आकडा चुकतो,” ती म्हणाली आणि पट्ट्यात हवा भरायला लागली. मी गप्प बसून तिच्याकडे बघत राहिले.